आक्काला पाणमांजर दाखवायचं होतं

पाणमांजराच्या नादी लागून चांगल्या संसाराकडे पाठ फिरवणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच जन्माला आला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या पदरात पडला. हे आमचे भावोजी. राहायला डोंबिवलीला, नोकरी सरकारी कचेरीत, घराण्यात कुणी कधी माशाला शिवलेलं नाही. पण रविवार उजाडला की हा गृहस्थ कल्याणच्या पुढे उल्हास नदीच्या एका डोहावर जाऊन बसायचा. का, तर तिथे पाणमांजरं मासे पकडतात ते बघायला. मासा कसा हेरतात, दोघं मिळून कसा घेरतात, खाताना सुरुवात डोक्यापासून करतात की शेपटीपासून, हे सगळं जेवायला बसल्यावर सांगायचे. आमच्या वडिलांनी एकदा भर पंगतीत हातातला घास खाली ठेवला, तर भावोजींना वाटलं, सासरे ऐकण्यात रंगले. त्यांनी तेच आणखी खुलवून सांगितलं.

डोहावर आवाज चालत नाही, म्हणून त्यांना एरवीही कुजबुजायची सवय जडली होती. साहेबाशी कुजबुजत, भाजीवाल्याशी कुजबुजत. भाजीवाल्याला वाटायचं, गिऱ्हाईक चोरीचा माल विचारतंय. वासानं जनावर बुजतं म्हणून शनिवारपासून अंगाला साबण बंद. आक्का म्हणायची, "जनावर बुजत नाही हो, पण बायको बुजते त्याचं काय?" म्हणायची हसूनच. पण मूलबाळ नाही, जवळ सासूसासरे नाहीत, आणि हक्काच्या सुट्टीच्या दिवशी नवरा नदीवर. मी ठाण्याहून कधी रविवारी गेलो की ती एकटीच तांदूळ निवडत बसलेली दिसायची. मला भावोजींचा राग यायचा, आणि तो मी कधी लपवला नाही.

मग आक्काच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. ठाण्याच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की नजर वाचणार नाही, जे बघायचं ते लवकर बघून घ्या. मी म्हटलं, काशीला नेऊ, निदान नाशिकला तरी. भावोजी म्हणाले, "तिनं अजून पाणमांजर पाहिलेलं नाही." मी कपाळाला हात लावला. पण आक्का म्हणाली, "जाऊ या रे. हे इतकी वर्षं काय बघतात ते मलाही बघू दे की."

एकट्या आक्काला न्यायचं तर तिला अवघडल्यासारखं होईल, म्हणून तिची सगळी आळीच निघाली. कोलशेतच्या एका मिठागरवाल्याचा ट्रक ठरला. मला ठाण्याला उचलून, शीळफाट्यावरून वळसा घालून तो डोंबिवलीला आला. ट्रकमध्ये सतरंज्या अंथरल्या, थालीपिठांचे डबे चढले. ड्रायव्हर खाडीत जाळी टाकणाऱ्या घरातला. कशासाठी चाललोय ते कळल्यावर तो भावोजींना म्हणाला, "काका, त्यो आमची जाली फारतं, नि तुमी त्याला बगाला चाललाव?" भावोजींनी त्यालाही ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. काठावर पोचल्यावर बायकांचे गजरे उतरवले, बांगड्यांवर फडकी बांधली, आणि सगळ्यांना झुडपांआड ओळीनं बसवलं. आक्का सर्वांत पुढे, तिच्या शेजारी ते स्वतः. माघातली थंडी, पाण्यावर धुकं.

आणि पाणमांजर आलं! खडकाजवळ काळंभोर डोकं वर निघालं, तोंडात हातभर मासा तडफडतोय. भावोजी आक्काच्या गालाशी गाल लावून बोट दाखवत होते, "ते बघ, खडकाच्या डावीकडे." आक्का मान पुढे काढून शोधत होती, "कुठे? कुठे हो?" एवढ्यात मागून टाळी पडली. आक्काच्या आळीतले एक काका, संगीत नाटकाचा एक प्रयोग न चुकवणारे. चांगलं काही दिसलं की त्यांचा हात आपोआप उठायचा. एकानं वाजवली म्हणून सगळ्यांनी वाजवली, आणि त्या कडकडाटात काकांनी खणखणीत आवाजात "वन्स मोअर" दिला. डोह क्षणात रिकामा झाला.

कुणी कुणाकडे बघेना. भावोजींनी हळूच विचारलं, "दिसलं का गं?" आम्ही मागून आक्काला मानेनं खुणावत होतो, हो म्हण, हो म्हण. तिला आमच्या खुणा तरी कुठून दिसणार? ती म्हणाली, "नाही हो. टाळ्या तेवढ्या ऐकू आल्या." भावोजी उठून ट्रककडे गेले. ड्रायव्हरला म्हणाले, "यांना पोचव. आम्ही दोघं थांबतो."

मी काळजीनं डोंबिवलीलाच थांबलो. दिवेलागणीला दोघं परत आली, कल्याणपर्यंत कुणाच्या तरी बैलगाडीत बसून. भावोजी पाय धुवायला गेले तसं मी आक्काला विचारलं, "दिसलं?"

"नाही रे. फिरकलंच नाही."

"मग दिवसभर केलंत काय?"

"बसलो होतो. हे सांगत होते, इथून निघतं, तिथं बुडी मारतं. मी ऐकत होते." डब्याचं झाकण चाचपत ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून यांचा एक रविवार माझ्या वाट्याला आला नव्हता रे."

तिची नजर पुढच्या पावसाळ्याआधी गेली. पाणमांजर तिनं कधीच पाहिलं नाही. भावोजी रविवारी डोहावर जातच राहिले, फक्त आता आक्काचा हात धरून. बैलगाडी, बांधावरची पायवाट, काटेकुटे, सगळीकडून तिला सांभाळत न्यायचे. एकदा न राहवून मी म्हटलंच, "भावोजी, आता तिला एवढ्या लांब नेऊन काय उपयोग?"

ते तिच्या चपला पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "अरे, ती बरोबर नसली की मला आता तिथं करमत नाही."