ओगले बाईंचं 'चोत्तो'

ओगले बाईंच्या दारात चपला काढून तुम्ही आत गेलात की बाई आधी काय करायच्या, तर बाहेर जाऊन तुमच्या चपला वळवायच्या. तोंड जिन्याकडे, म्हणजे निघताना सरळ पाय घालून चालू पडता यावं. जपानी पद्धत. जपानीचा क्लास असो नसो, कुरियरवाला पाणी प्यायला आत आला तरी त्याचेही बूट वळायचे. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "अहो सेन्सेई, राहू द्या, मी करते." तर म्हणाल्या, "सेन्सेई जपानात. इथे बाई. आणि करते म्हणू नये, करावं."

सहकारनगरला दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके, हॉलमध्ये चटई, आठ पोरं. सहाचा क्लास. सहा पाचला दार बंद. मी बिबवेवाडीहून स्कूटी हाणत यायचे, मार्केट यार्डापाशी कांद्याचे ट्रक आडवे असायचे, पण कारण सांगायची सोय नव्हती. "कांदा रोजच येतो. तू कधी येतेस ते सांग."

आता खरी गंमत. तीस वर्षं जपानी शिकवणाऱ्या आमच्या बाई जपानला कधीच गेल्या नव्हत्या! तरुणपणी त्या पिंपरीच्या एका कारखान्यात टायपिस्ट होत्या. तिथे एक जपानी इंजिनिअर आला, त्याची बायको दिवसभर घरात एकटी, म्हणून साहेबांनी बाईंना सांगितलं, हिला जरा भाजीबाजार दाखवा. बाईंनी सहा वर्षं दाखवला आणि बदल्यात अख्खी भाषा उचलली. त्या बाईचं आडनाव मोरी. मी फिस्सकन हसले. "हसू नकोस. त्यांनाही ओगले म्हणता यायचं नाही. ओगुरे म्हणायच्या."

मला जॉब लागून दोन वर्षं झाली आणि मी ठरवलं, पहिली फॉरेन ट्रिप जपान, एप्रिलमध्ये, आणि बाईंना घेऊन! एक्सेल शीट केली. अकरा टॅब. देवळं, बागा, चहाचा समारंभ, बाईंच्या गुडघ्यांसाठी लिफ्टवाली स्टेशनं, सगळं. रोज रात्री जेवण झालं की त्यांना स्क्रीनशॉट. आणि रोज सकाळी फोन.

"क्योतोला एक दिवस? क्योतो काय तुळशीबाग आहे, एका फेरीत उरकायला?"

मी तीन केले.

"बुलेट ट्रेनने जाऊन बघणार काय? बोगदे?"

मी साधी गाडी शोधली. मग त्या साध्या गाडीत खूप वेळ जातो म्हणे. मी अक्षरशः रडकुंडीला आले. बरं, येणार का ते सांगा? तर "बघू." प्रत्येक गोष्टीवर मत होतं, फक्त यावर नाही. पासपोर्टच नव्हता त्यांच्याकडे. तीनदा अपॉइंटमेंट घेतली. पहिल्यांदा गुडघा. दुसऱ्यांदा प्लंबर येणार होता. तिसऱ्यांदा मी खाली रिक्षा उभी करून हॉर्नवर हॉर्न मारायला लावले, तर बाई गॅलरीतून, "आज संकष्टी आहे."

"अहो, उपासाला पासपोर्ट चालतो!"

"ओरडू नकोस. सोसायटीला जायचं नाहीये जपानला."

मी रिक्षा सोडली, तडातडा जिने चढून वर गेले आणि म्हटलं, "बाई, येताय का नाही, एका शब्दात सांगा."

बाईंनी हातातला कप खाली ठेवला. खिडकीबाहेर बघितलं. "चोत्तो..." म्हणाल्या आणि थांबल्या.

चोत्तो म्हणजे थोडं. मला वाटलं, थोडं थांब म्हणतायत. मी म्हटलं ठीक आहे, थांबते, आणि मूर्खासारखी थांबले! यांनीच तर शिकवलं होतं आम्हाला, दुसऱ्याच महिन्यात: "जपानी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. चोत्तो म्हणतो आणि वाक्य सोडून देतो. उरलेलं आपण समजायचं." मी तेव्हा म्हटलेलं, म्हणजे पुण्याच्या उलट. त्यावर बाई, "हो. पुणेकर वाक्यही पुरं करतो आणि वर दारही लावतो." सगळा क्लास हसला होता. आणि त्या बाईंनी आयुष्यात एकदा वाक्य अर्धं सोडलं, तर वर्गातली पहिली आलेली मी, मला कळलं नाही. अजून चिडचिड होते माझी मला.

शेवटी एप्रिलमध्ये मी एकटी गेले. फुगूनच.

तिसऱ्या दिवशी क्योतोला एका छोट्या नूडलच्या दुकानात बसले होते. गरम वाफ, नाक वाहायला लागलं. मी बाईंनी शिकवलेल्या अतिनम्र वाक्यात वाढणाऱ्या मुलीकडे चिरिगामी मागितली. चिरिगामी म्हणजे नाक पुसायचा कागद. मुलगी नुसती बघत राहिली. मी परत म्हटलं. तेवढ्यात आतून मालकीणबाई आल्या, सत्तरीच्या, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "टिश्यू, टिश्यू!" त्या मुलीला म्हणाल्या. मग मला, "माझी आई म्हणायची हा शब्द. तुला कुणी शिकवला?"

आणि मला एकदम पोहे आठवले. आमच्या ऑफिसमध्ये महिनाभर एक जपानी मुलगा आला होता, त्याला मी मोठ्या हौसेने बाईंकडे नेलं होतं. पोह्यातली मिरची लागून त्याचं नाक गळायला लागलं. बाईंनी विचारलं, चिरिगामी देऊ का? तो इंग्रजीत म्हणाला, "सॉरी?" बाईंनी परत विचारलं. परत सॉरी. मी मोबाइलमध्ये होते, वाटलं त्याला ऐकू आलं नाही. नंतर बाई पूर्ण वेळ इंग्रजीच बोलल्या. एप्रिलच्या ट्रिपचं मी त्याच्या पुढच्याच आठवड्यात काढलं होतं!

गुडघा नाही, प्लंबर नाही. तीस वर्षं शिकवलेलं तिकडे कुणाला कळलंच नाही तर, ही भीती.

मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात दुपारचे तीन. बाई कातावलेल्या, "झोपलेय मी. भूकंप झालाय का?" मी फोन मालकीणबाईंच्या हातात दिला. त्या काय काय बोलल्या सगळं मला कळलं नाही, इतक्या भरभर बोलत होत्या. पण बाईंना कळत होतं. बाई उत्तरं देत होत्या, मालकीणबाई हसत होत्या, बाई हसत होत्या. शेवटी बाईंनी फोनसमोर इतकं खाली वाकून नमस्कार केला की स्क्रीनवर नुसता पांढरा भांग दिसत होता.

मी परत आले तर दारातच, "तो फॉर्म आण."

पासपोर्ट आला. फोटो बघून म्हणाल्या, "येरवड्याहून सुटल्यासारखी दिसतेय. चालेल." परत एक्सेल शीट, परत भांडणं. आता त्यांना क्योतोत चार दिवस हवे होते, आणि पहिला मुक्काम त्या नूडलच्या दुकानाजवळ.

फेब्रुवारीत, व्हिसाच्या आधी दहा दिवस, बाई झोपेतच गेल्या.

मला रडू नाही, आधी रागच आला. सहा पाचला दार लावायचात ना? मग स्वतः इतका उशीर? पासपोर्टची सगळी पानं कोरी, बाई. एक शिक्का नाही.

मी पोचले तेव्हा दाराबाहेर चपलांचा खच पडला होता. सोसायटीतले, जुने विद्यार्थी, नातेवाईक, सगळ्यांच्या, एकावर एक, कशाही. आत जाववेना. मी तिथेच जिन्यात खाली बसले आणि एकेक जोड वळवायला लागले. तोंड जिन्याकडे. बराच वेळ लागला. करते म्हणू नये, करावं.