मावशीची पत

माझी मावशी क्रेन चालवते. मोठ्या बांधकामाच्या मधोमध जी उंच क्रेन उभी असते ना, तिच्या वरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून ती दिवसभर सळ्यांचे भारे आणि काँक्रीटच्या बादल्या एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवते. वर जायला लिफ्ट नाही, मनोऱ्याच्या जाळीतून सरळ उभी शिडी. डबा आणि पाण्याची बाटली पाठीला बांधून सकाळी चढते ती संध्याकाळीच उतरते.

एकदा सुट्टीच्या दिवशी साहेबांची परवानगी काढून तिनं मला वर नेलं. अर्ध्या वाटेत मी शिडीला मिठीच मारली. वर पोचल्यावर खाली बघायची छाती होईना. मावशी मात्र खुर्चीत आरामात रेलून बोटानं दाखवत होती. ती शाळा मी उचलली, तो दवाखाना मी उचलला, ती निळ्या खिडक्यांची इमारतही माझीच. मी तिच्याकडे बघतच राहिले. घरी हिला भाजीवाला चार शब्द सुनावून जातो, आणि इथे अर्धं शहर हिच्या हाताखालून गेलेलं.

त्यात तिचं स्वतःचं घर मात्र कुठेच नव्हतं.

काका लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले. मागे राहिल्या मावशी आणि तिच्या सासूबाई. मी त्यांना आजी म्हणते. आजींची नजर हळूहळू गेली, आणि तेव्हापासून भाड्याचं घर बदलणं म्हणजे त्यांना शिक्षाच झाली. नव्या घरात गेलं की त्या भिंतीला हात लावून चालायला सुरुवात करायच्या. दार कुठे, पायरी कुठे, गॅसची शेगडी किती पावलांवर, सगळं पाठ करायच्या. पाठ होईपर्यंत गुडघे आणि कोपरं काळीनिळी. जरा कुठे घर अंगवळणी पडलं की मालकाच्या मुलाला जागा हवी असायची, नाहीतर भाडं परवडेनासं व्हायचं. शेवटच्या खेपेला आजी मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या आणि मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये घेऊन बसल्या होत्या, तेव्हा म्हणाल्या, "सूनबाई, हे घर पाठ करते. पण यापुढे आणखी एक नको गं. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मावशीनं मला फोन करून विचारलं, बँकेत येशील का माझ्याबरोबर?

तेव्हा ती ज्या इमारतीवर काम करत होती, तिचा नुसता पाया भरून झाला होता. तिनं त्यातलं मागच्या बाजूचं, दुसऱ्या मजल्यावरचं सगळ्यात लहान घर मनात धरलं होतं. किमतीचा दहावा हिस्सा साठवलेला होता. बाकीचं कर्ज. पगार चांगला, नोकरी पक्की, त्यामुळे आम्हाला वाटलं, काम झालंच.

कर्ज विभागातल्या बाईंनी पगाराची कागदपत्रं पाहून मान डोलावली. मग कॉम्प्युटरवर काहीतरी टाईप केलं आणि थांबल्या. म्हणाल्या, तुमचं इथे काहीच दिसत नाही.

"दिसणार कसं?" मावशी ताठ बसत म्हणाली. "जन्मात कुणाचा पैसा घेतला नाही. फ्रीजसुद्धा रोख आणला."

"तीच अडचण आहे ताई," बाई म्हणाल्या. "घेतलेलं तुम्ही वेळेवर फेडता की नाही, हे आम्हाला कळायचं कसं? त्यासाठी आधी घ्यावं लागतं."

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. बँक दोन गोष्टी बघते, माणसाची पत आणि त्याचा स्वतःचा पैसा. जुनी, स्वच्छ पत असेल तर दहाव्या हिश्श्यावरही कधीकधी जमतं, पण पाटी कोरी असताना बँक एवढा मोठा भार एकटीच्या डोक्यावर घेत नाही. तुम्ही पाव हिस्सा आणलात तर धोका कमी, मग व्याजही कमी. तोवर एखादं क्रेडिट कार्ड घ्या, थोडंच वापरा, तारखेच्या आत सगळं भरा. एखादी लहान वस्तू हप्त्यानं घ्या. आणि दहा बँकांत अर्ज करत फिरू नका, कारण प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि पत घसरते.

बाहेर आल्यावर मावशी पायरीवर बसली. मला वाटलं, आता ही बँकेचा उद्धार करणार. पण ती म्हणाली, "म्हणजे आता या वयात उधारी शिकायची." चोरी शिकायला सांगितल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

आणि ती शिकली. कार्डावर फक्त किराणा आणायची आणि बिल यायच्या आधीच पैसे भरून मोकळी व्हायची. शेवटी बाईंनीच फोनवर सांगितलं, अहो, नोंद व्हायला बिल तरी येऊ द्या. वॉशिंग मशीन घ्यायला गेलो तेव्हा पूर्ण पैसे तिच्या पर्समध्ये होते. दुकानदार म्हणाला, रोख दिलेत तर सूट देतो. घासाघीस केल्याशिवाय कोथिंबीरही न घेणारी माझी मावशी त्याला म्हणाली, सूट नको, हप्ते द्या. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

पाव हिश्श्यासाठी ती रविवारीही दुसऱ्या साइटवर जायला लागली. जोराचा वारा सुटला की क्रेन बंद आणि तिथली रोजंदारीही बंद, म्हणून ती पेपरवाल्यांपेक्षा बारकाईनं हवामान बघायची. इकडे इमारत वर येत होती. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबचं काँक्रीट तिनंच वर दिलं, चौकटी तिनंच वर नेल्या. संध्याकाळी आजींना सांगायची, आज आपल्या खिडक्या चढवल्या.

आणि मग एके दिवशी बिल्डरच्या ऑफिसातून कळलं की ते घर विकलं गेलं.

तिच्या नावावर काहीच नव्हतं, त्यामुळे कुणाला बोल लावायची सोय नव्हती. त्या दिवशी डबा भरलेलाच परत आला. आजींनी विचारलं, तशी तिनं सांगितलं. आजी थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "त्याच्या डोक्यावर काय आहे?" तिसऱ्या मजल्यावर हुबेहूब तसंच घर होतं. ते अजून कुणी घेतलेलं नव्हतं, किंमत मात्र थोडी जास्त. मावशीनं आणखी काही महिने रविवार कामावर घालवले.

दुसऱ्या खेपेला बँकेत गेलो तेव्हा त्याच बाईंनी कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. पडद्यावर मावशीच्या नावापुढे, हिरव्या पट्ट्यात, तिची पत सांगणारा एक आकडा होता. मावशी जरा पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, "ही मी?"

"तुम्हीच," बाई म्हणाल्या. कर्ज मंजूर झालं, आणि बाईंनी म्हटल्याप्रमाणे व्याजही कमी लागलं.

घराचा ताबा मिळाला त्या दिवशी आजींना आम्ही दोघींनी धरून वर नेलं. आत पाऊल टाकताच त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. विचारलं, कुणी बांधली ही?

"गवंड्यांनी," मावशी म्हणाली. "मी नुसती वर आणली."

आजींचा हात भिंतीवरून निघेना. मीही शेजारी हात टेकवला. भिंत गार होती, रंगाचा वास येत होता. यातली वीटन् वीट आधी आकाशात लोंबकळत होती आणि खालून ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या एका बाईनं ती अलगद इथे उतरवली, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला. आजी मग चालायला लागल्या. कसलीच घाई नव्हती त्यांना.

हप्ते अजून बरीच वर्षं चालायचे आहेत. मावशी आता नदीपलीकडच्या कामावर असते. केबिनमध्ये फोन चालत नाही म्हणून फोन घरीच ठेवते, आणि तो आजी उचलतात. मागच्या महिन्यात कार्डाच्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला. मॅडमचा रेकॉर्ड फारच उत्तम आहे, मर्यादा वाढवून द्यायची आहे, मॅडम आहेत का?

"नाही हो," आजी म्हणाल्या. "ती वर गेली."

मग ती मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, फार वाईट वाटलं, कधी झालं हे?

"सकाळीच," आजी म्हणाल्या. "संध्याकाळी उतरली की सांगते तिला."