एडवणच्या तांडेलाचा कार्डिओग्राम

बोईसरात हृदयरोगाचा दवाखाना काढणारा मी पहिलाच. पुढे सत्कारात याला धाडस म्हटलं गेलं. तेव्हा घरचे त्याला वेडेपणा म्हणत. मुंबईतली रुग्णालयाची नोकरी सोडून बाजारात दोन खोल्या घेतल्या आणि पाटी लावली. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. त्या काळी आमच्या भागात हृदयरोग कुणाला होतच नसे. छातीत दुखलं की तो गॅस. माझ्याकडे लोक गळवं दाखवायला येत.

एका सकाळी एडवणहून एक मासे विकणाऱ्या मावशी आल्या. चालताना दम लागत होता. सोबत नवरा, मासेमारी बोटीवरचा प्रमुख, म्हणजे तांडेल. मी कार्डिओग्रामचं मशीन पुढे ओढलं. वायरी पाहून मावशी टेबलावरून उतरल्या.

"करंट लावतात ह्यानं. मी नाय झोपणार."

"करंट नाही मावशी, नुसत्या कागदावर रेघा येतात."

"मग तुमी झोपा."

मी झोपलो असतो, पण मशीन कोण चालवणार? तांडेल वैतागला.

"सरक. मी झोपतो. बघ काय होतंय ते."

सदरा काढून तो आडवा झाला. मी पट्ट्या बांधल्या, कागद सरकू लागला. मावशी त्याच्याकडे टक लावून बघत होत्या, मी कागदाकडे.

"काका, छातीत दुखतंय?"

"नाय. कालपासून खांदा भरून आलाय. जाळं ओढलं ना."

"आणि हा घाम?"

"गरम होतंय."

जानेवारी चालू होता.

"काका, उठू नका. तुम्हाला हार्ट अटॅक आलाय."

तो बायकोकडे वळला. "झालं समाधान?"

मुंबईपर्यंत तो टिकेल असं मला वाटेना. आतल्या खोलीत खाटेवर ठेवला, ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. मोठ्या रुग्णालयात विचारायला कुणीतरी वरिष्ठ असतो. इथे मावशी होत्या. त्या नवऱ्याच्या पायाशी बसून होत्या आणि मी आत गेलो की माझा चेहरा वाचत. मी चेहरा शक्य तितका कोरा ठेवला.

तांडेल वाचला. घरी निघायच्या दिवशी मावशी न सांगता टेबलावर झोपल्या. त्यांचं हृदय ठणठणीत होतं, अंगात रक्त कमी होतं. लोहाच्या गोळ्या दिल्या.

तांडेलाने बोट मुलाच्या हवाली केली. किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करत तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "बोईसरला गेलो तवा धडधाकट होतो. डाक्टरनं झोपवला आणि अटॅक आला."

त्यामुळे एडवणचे पुरुष आपणहून माझ्याकडे कधीच फिरकले नाहीत. बायका त्यांना दंडाला धरून आणत.