कपाटात मुरणारे टायर

उभ्या रायगड जिल्ह्यात सायकलच्या टायरला लोणच्याच्या बरणीइतका मान देणारा माणूस एकच असेल, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. माझ्या नणंदेचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणते. इतकी वर्षं झाली, तरी त्यांच्या घरी गेले की एकदा तरी माझ्या तोंडाचा आ होतोच.

करंज्याच्या बंदरावर होड्यांना बर्फ पुरवणारा कारखाना आहे, तिथे ते सुपरवायझर. कारखान्याची बस त्यांच्या दारावरून जाते. भाऊजी तिला हात करतात तो फक्त टाटा करायला. स्वतः पनवेलहून रोज सायकलने जातात, खाली वाकलेल्या हँडलच्या रेसिंगच्या सायकलने, कंटेनरच्या रस्त्याने. पहिला धक्का मला बसला तो एका लग्नाच्या वेळी. वन्सं म्हणाल्या, कपाटातली माझी पैठणी नेसा. कपाट उघडलं, तर पैठणी आणि इरकलीच्या मधोमध हँगरला दोन टायर लटकत होते, मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेले. भाऊजींनी शांतपणे समजावलं की नवा टायर कच्चा असतो. वर्षभर अंधारात, कोरड्या जागी राहिला की रबर घट्ट होतं. म्हणून एक जोडी चाकावर, एक कपाटात. "वहिनी, तुम्ही तरी घातल्या दिवशी लोणचं वाढता का?" त्या लग्नात पैठणीला रबराचा असा वास येत होता की माझ्या शेजारच्या बाईंनी दोनदा खुर्ची बदलली.

टायर घ्यायला ते निघाले की मी सोबत जात नाही. एकदाच गेले. दुकानदाराने कौतुकाने एक बारीक, हलका टायर पुढे केला आणि याने सायकल कशी पळते ते सांगू लागला. भाऊजींनी टायर अंगठ्याने दाबला, हुंगला, आणि खिशातून एक तार काढली. ट्रकचे टायर फुटले की त्यातल्या असल्या तारा रस्त्यावर सांडतात आणि सायकलचं चाक हमखास भोसकतात. ती तार ते दुकानदाराच्या देखत टायरमध्ये खुपसू लागले. मी फळीवरच्या घंट्या मोजायला लागले. शेवटी रबराखाली जाड पट्टा असलेला, रुंद आणि दिसायला अगदी मठ्ठ टायर त्यांना पसंत पडला. दुकानदार म्हणाला, काका, याने वेग मिळणार नाही. भाऊजी म्हणाले, "मला वेग नकोय. मला घरी पोचायचंय." बंदरावरच्या कोळणीही त्यांना सोडत नाहीत. जेट्टीवर चाक हुंगताना बघून एक म्हणाली, "सायब, टायर हाय का पापलेट? असा वास तं आमी पन घेत नाय."

मागच्या वर्षी मात्र हसू आटलं. भाऊजी रस्त्याच्या कडेला बसून पंक्चर काढत असताना एक ट्रेलर इतका जवळून गेला की शेजारी ठेवलेला पंप चपटा झाला. तो पंप त्यांनी घरी आणून वन्संना दाखवला, पोळीसारखा झालाय बघ म्हणून. गुढीपाडव्याला वन्संनी अट घातली: दिवाळीपर्यंत एकदाही पंक्चर झालं तर सायकल बंद, बसने जायचं. भाऊजींनी लगेच कपाटातली मुरलेली जोडी काढली, हळदकुंकू लावून चढवली आणि रिकाम्या हँगरला नवी लटकवली.

आणि खरंच, काचा झाल्या, तारा झाल्या, टायर ढिम्म. वसुबारसेच्या आधी चार दिवस मी त्यांच्याकडे चकल्या करायला गेले होते, तेव्हा भाऊजी सायकल ढकलत आले. पुढचं चाक बसलं होतं. हँडलला मासळीची पिशवी लोंबत होती. वन्संनी पिशवीला हात लावला आणि थबकल्या. आत शिंगाळा मासा होता, आणि त्याचा सुईसारखा ताठ काटा पिशवी फाडून बाहेर आला होता. वाटभर पिशवी झुलत होती, काटा चाकाला बाजूने घासत होता. टायरचा जाड पट्टा सगळा खाली, रस्त्याकडे. बाजूला नुसतं पातळ रबर. एवढं मुरवलं, हुंगलं, भोसकून पाहिलं, आणि हा माणूस स्वतःच्या हाताने काटा चाकाजवळ टांगून आला. मी चकलीचा सोऱ्या हातात घेऊन बघत राहिले.

"शिंगाळा मीच सांगितला होता," वन्सं म्हणाल्या. "हे पंक्चर धरायचं नाही."

"ट्रेलरने विचारलं असतं का, कोणी सांगितला होता म्हणून?" भाऊजी म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

तेव्हापासून ते बसने जातात. वेळेवर येतात, कपडे स्वच्छ असतात, बोलतात कमी. मला वाटलं होतं, मला बरं वाटेल.

परवा एका मुंजीसाठी पुन्हा पैठणी मागायला गेले. टायर तिथेच, मलमल नुकती धुतलेली. म्हटलं, वन्सं, आता द्या की टाकून. त्यांनी फडकं बाजूला केलं, अगदी भाऊजींसारखा अंगठा रबरावर दाबला, मग बाजूच्या पातळ भागावरही दाबून पाहिला.

"राहू देत," म्हणाल्या. "अजून थोडे मुरायचेत."