कॅमेऱ्याचा दादरा

वडील गेल्यावर आईला मी कोलकात्याला, सॉल्ट लेकच्या माझ्या घरी घेऊन आलो, तेव्हा तिने येतानाच परतीचं तिकीटही काढायला लावलं. साताऱ्याच्या रिकाम्या घरात तिने एकटीने राहू नये असं मला वाटायचं. पण "राहा ना इथेच" एवढं काही तोंडून निघायचं नाही. त्याऐवजी मी चिडचिड करायचो. ती म्हणायची, "तुझ्या घरात मला काम काय? स्वयंपाकाला बाई, धुण्याला मशीन."

काम तिला माझ्या कॅमेऱ्याने दिलं. इथल्या दमट हवेत एकदा लेन्सला बुरशी धरली होती. तेव्हापासून मी त्याला इतका जपायचो, की ढग दिसला तरी तो बॅगेत जायचा. आईला याचं हसू यायचं.

"लोणच्याच्या बरणीला मी कधी बुरशी येऊ दिली नाही. हे काय घेऊन बसलास!"

दुलई ज्यात आली होती ती जाड प्लास्टिकची पिशवी तिने कापली, लेन्स बाहेर काढायला भोक पाडलं, कडा शिवल्या. लेन्सच्या तोंडावर मेणकापडाचा तुकडा, बरणीला दादरा बांधतात तसा, नाडीने आवळलेला. नाडी तिच्या परकराची. "सुरगाठ आहे. हे टोक ओढलंस की सुटली," तिने दोनदा करून दाखवलं. तीन दिवस ती त्यावर खपली. शिवताना गुणगुणत होती. वडील गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं.

रविवारी आम्ही नदीकाठी, बजबजला गेलो. तिची गाडी गुरुवारची होती. वैशाखात दुपार कलली की इथे कालबैशाखीचं वादळ येतं, आणि नदीवर चढून येणारा तो काळा ढग मला टिपायचा होता. आजवर दर वेळी पहिल्या थेंबालाच मी पळ काढला होता.

घाटावर पोचलो तेव्हाच भुरभुर सुरू होती. अर्ध्या तासाने पलीकडच्या काठावर ढग उठला. खाली उजेडाची एक पट्टी, आणि तिच्यात एकच नाव. मी नाडीचं टोक ओढलं. गाठ सुटली नाही. पुन्हा ओढलं, नखं लावली. सुती नाडी भिजून फुगली होती आणि सुरगाठीची चांगली निरगाठ बसली होती. माझं डोकं फिरलं.

"तुला कोणी सांगितले होते हे उद्योग?"

आईने कॅमेरा माझ्या हातातून घेतला. तेवढ्यात वारा सुटला, पावसाने झोडपायला सुरुवात केली आणि ढग, नाव, नदी सगळं एकाच राखाडी रंगात गेलं.

"माशीमा, भेतोरे आशुन!" घाटावरच्या चहावाल्याने आईला ओरडून टपरीत बोलावलं. बाकावर बसून, कॅमेरा मांडीवर घेऊन, आई केसातल्या आकड्याने गाठ उकलत राहिली. साडी गुडघ्यापर्यंत चिंब. बरणी काही ती कधी पावसात घेऊन गेली नव्हती, तिला तरी काय माहीत! गाठ सुटल्यावर तिने लेन्सवरून, बटणांवरून बोट फिरवून पाहिलं.

"कोरडा आहे," ती म्हणाली.

मला स्वतःची लाज वाटली. "आई, मी उगाच ओरडलो," म्हणालो. तिने कॅमेरा माझ्या हातात दिला. परतीच्या लोकलमध्ये, खिडकीबाहेर बघत, मी एकदाचं म्हटलं, "राहा ना इथेच." गाडीच्या खडखडाटात तिने ऐकलं की नाही कळलं नाही. पुन्हा विचारायचा धीर मला झाला नाही.

घरी आल्यावर तिने नाडी पिळून दोरीवर टाकली, कॅमेऱ्याची पिशवी उलटी करून पुसली आणि शिवणीचा डबा पुढ्यात ओढला.

"सुती नाडी नको याला. इलॅस्टिक आणून दे, म्हणजे गाठीची भानगडच नको."

"कधीपर्यंत?" मी विचारलं.

"रविवारच्या आत," सुईत दोरा ओवत ती म्हणाली. "ढग राहिलाय ना आपला?"