काचेला सावली लावणारे मामा

गाडी समोर येऊन थांबली, की मामा आधी तिच्या काचेवर तळहात ठेवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. लेकराचा ताप बघावा तसे. मग हात काढून म्हणायचे, "तापलीय. निवू द्या." गाडीवाला घाईत असला तरी मामांना घाई नसायची. गाडी लिंबाखाली लावायला सांगून ते विचारायचे, "आत कोन बसनार?"

काळी फिल्म लावणारे तुम्हीही पाहिले असतील. ते विचारतात, किती काळी करायची? मामांचा प्रश्न ऐकून नवं गिऱ्हाईक गोंधळायचं. एकदा एका बड्या शेतकऱ्यानं नवी जीप आणली आणि सगळ्या काचा कुळकुळीत करायला सांगितल्या. मामांनी विचारलं, "आत कोन बसनार?" तो म्हणाला, "मीच." मामा म्हणाले, "मंग लपायचं काहून?" तो रागानं निघून गेला. मामा शांतपणे पाण्याची बाटली भरत बसले.

हिंगोलीहून वाशिमकडे जाताना कनेरगाव नाक्यावर, धाब्यांच्या ओळीच्या टोकाला त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे वर पत्रा, खाली लाकडी पेटी, फिल्मच्या गुंडाळ्या आणि पाणी ओढायची रबरी पट्टी. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळे काचवाले मामाच म्हणत.

माझी त्यांची गाठ पडली ती बायकोच्या आजारपणामुळं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. ती पुसेगावजवळच्या एका शाळेत शिकवायची, मी दुसऱ्या गावच्या शाळेत. तिला ऊन सोसेनासं झालं. जरा ऊन लागलं की चेहऱ्यावर लाल चट्टे उठायचे, सांधे धरायचे, ताप यायचा. डॉक्टरांनी उन्हापासून जपायला सांगितलं. एसटीत ती अंगभर शाल गुंडाळून बसायची, तरी शाळेत पोचेपर्यंत तिचे हात लाल व्हायचे. एका संध्याकाळी तिनं राजीनामा लिहून माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, "पोरांना सोडवत नाही, पण आता होत नाही हो."

मी तो कागद तिला पाठवू दिला नाही. जुनी मारुती व्हॅन घेतली. तिला सोडायचं आणि पुढं माझ्या शाळेत जायचं, असं ठरवलं. काचांना फिल्म लावणं तर भागच होतं. मामांकडं जावं, की घरीच लावावी? मला वाटलं, दरवर्षी वह्यांना कव्हरं घालतो, त्यात काय एवढं! नांदेडहून सगळ्यात काळी फिल्म आणली आणि दिवाळीच्या सुट्टीत अंगणात बसलो.

ते सोयाबीन काढायचे दिवस होते. गावभर भुसा उडत होता, आणि त्यातला निम्मा माझ्या फिल्मखाली येऊन बसला. एका बाजूला घडी दाबली की दुसरीकडं बुडबुडा उठायचा. दुपारपर्यंत कशाबशा काचा झाल्या. बायको आत बसून बाहेर बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "सगळ्या रानाला फोड आलेत."

तेही चाललं असतं. पण दिवस मावळायच्या वेळी गाडी मागं घेताना शेजाऱ्याचं बांधलेलं वासरू मला दिसलंच नाही. ती किंचाळली म्हणून ब्रेक लागला. वासरू हातभर अंतरावर उभं होतं, कान हलवत.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाक्यावर गेलो. मामांनी काचेवर तळहात ठेवला, मग नखानं एकेक बुडबुडा दाबून पाहिला.

"घरी केली व्हय?"

"हो."

"काहून? आमी मेलो होतो का?" म्हणाले आणि स्वतःच खुदकन हसले.

आत कोण बसणार, हे बायकोनंच सांगितलं. चट्टे, ताप, शाळा, राजीनामा, सगळं. मामा मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, काळा रंग म्हंजे सावली न्हाई. चांगली फिल्म पातळ असली तरी ऊन अडवती."

माझी फिल्म त्यांनी कोमट पाण्यानं भिजवून सावकाश सोडवली. मग बायकोला आत बसवलं आणि फिल्मचे वेगवेगळे तुकडे बाहेरून काचेवर धरत विचारू लागले.

"ते रान दिसून राहिलं का?"

"दिसतंय."

"काय हाय त्यात? हळद का केळी?"

ती काचेजवळ झुकली. "नीट कळत नाही."

त्यांनी तुकडा बदलला.

"हळद," ती म्हणाली. "आणि कडेला एक बाई खुरपतेय."

"मंग हीच."

काच निवण्याची वाट बघत आम्ही बसलो होतो. समोर हळदीची पानं हलत होती, लिंबाची सावली गाडीवरून हळूहळू सरकत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मी सहज म्हटलं, "मामा, समोरच्या काचेलाही लावा की."

त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली. म्हणाले, "एका जीपची लावली होती. मालक म्हनला, सगळी काळी पायजे. म्या केली. दिवस बुडताना तांड्यावरची एक बाई सरपन घेऊन येऊन राहिली होती. डायवरला दिसली न्हाई. जीव वाचला तिचा, पर पाय अधू झाला. कुनीबी मला बोललं न्हाई, गुरुजी. तीबी न्हाई. तवापासून समोरची काच म्या कुनाचीच लावत न्हाई."

काचा निवल्यावर मामांनी एकेक करत फिल्म लावली; बायकोच्या बाजूची काच तेवढी राहिली होती. त्यांनी रबरी पट्टी माझ्या हातात दिली. "ही तुमी लावा."

"माझी पुन्हा बिघडेल."

"म्या हाय ना बराबर."

साबणाचं पाणी मारलं, फिल्म ठेवली. मामा माझ्या मागं उभे राहून सांगत होते, "मधातून काठाकडं. जोर लावू नका, पानी आपोआप जातंय." पट्टीखालून पाणी ओघळत गेलं आणि ओल्या काचेपलीकडचा तिचा धूसर चेहरा हळूहळू स्पष्ट झाला. ती माझ्याकडं बघत होती. आजारपण सुरू झाल्यापासून तिला असं निवांत बसलेलं मी पाहिलं नव्हतं. काठाशी एक बारीक बुडबुडा राहिला. मी पुन्हा काढायला लागलो तसा मामांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. घरच्या मानसाची खूण हाय."

त्यानंतर तिनं पुष्कळ वर्षं शिकवलं. नाक्यावरून जाताना आम्ही थांबायचो. मामा काचेवर हात ठेवून म्हणायचे, "बाई, तब्येत?" ती म्हणायची, "बरी." तेवढंच.

पुढं रस्ता रुंद झाला, लिंब तोडला गेला. मामांचे डोळेही मंदावले होते. एकदा नाक्यावर थांबलो, तर धाबेवाला म्हणाला, मामा पेटी आवरून शिरड शहापूरला लेकीकडं राहायला चाललेत, आत्ताच एसटी धरायला फाट्यावर गेले. भर दुपार होती. आम्ही फाट्यावर पोचलो तेव्हा एसटी सुटत होती. मामा खिडकीशी बसले होते, तोंडावर ऊन घेऊन. आमची गाडी त्यांनी ओळखली की नाही, कोण जाणे.

मी हॉर्न वाजवला. तेवढ्यात बायकोनं तिच्या बाजूची काच सरकवली. मी "अगं" म्हणेपर्यंत तिनं हात खांद्यापर्यंत बाहेर काढला होता. एसटी वळणाआड जाईपर्यंत ती त्या रणरणत्या उन्हात हात हलवत राहिली.