अण्णाला कुणी सांगितलं?

आधीच सांगतो, मी असलं काही मानत नाही. घरात कुणी बाधा, अंगात येणं असं बोलायला लागलं की मी उठून जातो. त्यात माझं काम डाइंग मिलमध्ये तपासणीचं... दिवसभर कापडातले डाग शोधायचे. त्यामुळे माणसांवरही चटकन विश्वास बसत नाही. ही सवय चांगली नाही, हे मला या प्रकरणात कळलं.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे, राहायला सुरतला गोडादऱ्यात. गेल्या हिवाळ्यात माझा मोठा भाऊ अण्णा आणि वहिनी कामरेजहून एक साखरपुडा आटोपून मोटरसायकलवर परत येत होते. हायवेवर टेम्पोने मागून उडवलं. दोघंही एकाच हॉस्पिटलात, पण अण्णा दुसऱ्या मजल्यावरच्या आयसीयूत — बरगड्या मोडलेल्या, फुप्फुसाला मार. वहिनी चौथ्या मजल्यावरच्या न्यूरो आयसीयूत, डोक्याला मार लागून बेशुद्ध.

आई, मी आणि वहिनीचा चलथाणचा भाऊ प्रकाश, आम्ही तिघं खाली बाकड्यांवर बसून असायचो. अण्णाला भेटायची वेळ चार ते पाच, वहिनीला पाच ते सहा. एका पासावर एकच माणूस. डॉक्टरांनी बजावलं होतं — वहिनीची हालत अण्णाला कळू द्यायची नाही, त्याला धक्का सोसणार नाही. म्हणून आम्ही ठरवलं, तिला नुसतं खरचटलंय, ती घरी आहे, असंच त्याला सांगायचं.

पाचव्या दिवशी अण्णाच्या घशातली नळी काढली. मी आत गेलो तर त्याने खोल गेलेल्या आवाजात विचारलं, "तिना हात काब्र बांधेल शेतस?"

तिचे हात का बांधलेत... वहिनी अर्धवट शुद्धीत नळ्या ओढत होती, म्हणून त्याच सकाळी तिचे हात पट्टीने कॉटला बांधले होते. डॉक्टरांनी आम्हा तिघांनाच बोलावून ते सांगितलं होतं. आणि माझ्या आधी अर्धा तास प्रकाश अण्णाजवळ बसून आला होता.

मी बाहेर येऊन सगळ्यांदेखत त्याला धरलं. तो म्हणाला, मी नुसते पाय चेपले, एक शब्द बोललो नाही. त्याने पोरीची शपथ घेतली. मी म्हणालो, "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही." त्याने आपली पिशवी उचलली आणि निघून गेला.

त्या दिवसापासून अण्णाचा पास मी माझ्याच खिशात ठेवला. आईलाही आत पाठवलं नाही... ती रडून सगळं सांगून टाकेल अशी भीती.

सहाव्या दिवशी अण्णा म्हणाला, "आज तिले खिडकीजोडे लई ग्यात."

मी म्हटलं, अरे खिडकीजवळ कुणाला नेतील, वहिनी घरी आहे. त्याने डोळे मिटून घेतले. पाच वाजता वर गेलो तर वहिनीच्या कॉटवर कुणी म्हातारे गृहस्थ! वहिनी पार पलीकडे, खिडकीशेजारी. साडेतीनला हलवलं, असं नर्स म्हणाली. आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. प्रकाश तर चलथाणला होता.

मग संशय हॉस्पिटलच्या माणसांवर गेला. अण्णाच्या मजल्यावरच्या सिस्टरला फिरवून फिरवून विचारलं. ती वैतागली, "भाई, अमारो स्टाफ उपर जतोज नथी." म्हणजे वर कुणी जातच नाही. फोनवर कुणी बोललं असेल? पण एका पेशंटची कॉट बदलली हे कोण कुणाला फोन करून सांगेल?

सातव्या दिवशी मी आत पाऊल टाकतो न टाकतो तोच अण्णा म्हणाला, "तिना डावा पाय सुजी ग्या. कोनीच दखत नही."

खरं सांगतो, तेव्हाही माझ्या डोक्यात आलं ते हेच — आता हे कुणी सांगितलं? पण पाय थांबले नाहीत. जिन्याने चौथ्या मजल्यावर गेलो. सव्वाचारच वाजले होते, दारावरचा वॉचमन सोडेना. आवाज ऐकून सिस्टर आली. सकाळी अंग पुसलं तेव्हा सगळं ठीक होतं, म्हणाली. मी हात जोडले, "एकदा पांघरूण उचलून बघा, मग मला हाकला."

डावी पोटरी सुजून टणक झाली होती. हात लावला तर गरम. सिस्टर फोनकडे धावली. सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ही फुप्फुसात गेली असती तर अवघड होतं. लगेच इलाज सुरू झाला. नंतर त्यांनी विचारलं, कुणाच्या लक्षात आलं? मी म्हणालो, माझ्या. दुसरं काय सांगणार होतो...

दोघं बरे होऊन घरी आले. वहिनीला त्या दिवसांतलं काहीच आठवत नाही. एकदा अण्णाला विचारलं तर त्याला नवल वाटलं. म्हणाला, जनरल वॉर्डात येईपर्यंत मला ती घरीच आहे असं वाटत होतं, तूच तर सांगितलं होतंस. मी त्याची तिन्ही वाक्यं त्याला म्हणून दाखवली. आधी तो हसला, मग चिडला.

मग मी चलथाणला जाऊन प्रकाशची माफी मागितली. सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दिनेशभाऊ, दाजी हे बोलले तेव्हा जवळ दुसरं कोण होतं?"

कोणीच नव्हतं. पास माझ्या खिशात होता.

"मी पोरीची शपथ घेतली ती तुम्हाला पटली नाही," तो म्हणाला. "आता हे मला कसं पटावं?"

सोनोग्राफीचा रिपोर्ट कपाटात आहे. गाठ होती, एवढं तरी कुणालाही दाखवता येतं. बाकी काय होतं ते मला आजही कळलेलं नाही.